ट्यूब पेटते कशी?

आधी एक छोटं कोडं. माग, रुमाल, गाडी. या तिन्ही शब्दांच्या आधी एकच शब्द जोडायचा आहे, आणि तिन्ही वेळा रोजच्या मराठीतला शब्द तयार झाला पाहिजे. सुचलं का? नसेल सुचलं तर तसंच डोक्यात राहू द्या आणि पुढे वाचा. उत्तर या लेखातच आहे, पण आत्ता खाली जाऊन शोधू नका. न सुचण्याची ही बारीकशी टोचणी थोड्या वेळाने आपल्याला उपयोगी पडणार आहे.

अडलेलं काही अचानक सुचलं की आपण म्हणतो, ‘ट्यूब पेटली’. व्यंगचित्रांत मात्र अशा वेळी डोक्यावर बल्ब काढतात. बटण दाबलं की बल्ब लागतो, मधे काहीच घडत नाही. ट्यूबचं तसं नसतं, निदान जुन्या, स्टार्टरवाल्या ट्यूबचं नसायचं. बटण दाबल्यावर ती आधी दोन्ही टोकांना तांबूस व्हायची, लुकलुकायची, विझायची, पुन्हा लुकलुकायची, आणि ही गेली कामातून असं म्हणेपर्यंत लख्ख पेटायची. उशिरा समजणाऱ्या माणसाची टिंगल करायला हा वाक्प्रचार रुळला खरा. पण गणितात, चित्रकलेत, विनोदात किंवा संगीतात मोठी गोष्ट सुचते कशी, याचं वर्णन म्हणून बल्बपेक्षा ट्यूब कितीतरी नेमकी आहे. प्रसिद्धी सगळी शेवटच्या लख्ख क्षणाला मिळते. मला जास्त कुतूहल त्याआधीच्या लुकलुकण्याचं आहे.

१८४३ सालच्या ऑक्टोबरमध्ये आयरिश गणितज्ञ विल्यम रोवन हॅमिल्टनच्या घरी रोज सकाळी एकच संवाद होत असे. तो न्याहारीला खाली आला की मुलगे विचारायचे, त्रिकुटांचा गुणाकार जमला का, बाबा? आणि तो खिन्नपणे मान हलवून सांगायचा की नाही, अजून नुसती बेरीज-वजाबाकीच येते. पुढे म्हातारपणी मुलाला लिहिलेल्या पत्रात त्यानेच ही आठवण नोंदवली आहे.

हे त्रिकुटांचं प्रकरण काय होतं? गणितज्ञांना तोवर एक सुंदर गोष्ट माहीत झाली होती. सपाट कागदावरचा कुठलाही बिंदू दोन संख्यांच्या जोडीने दाखवता येतो, आणि अशा जोड्यांचा गुणाकार एका विशिष्ट रीतीने केला की तो बिंदू कागदावर गोल फिरतो. म्हणजे फिरवणं ही क्रिया चक्क गुणाकार करून होते. हॅमिल्टनला हेच लांबी-रुंदी-उंचीच्या जगात करून हवं होतं. कागदासाठी दोन संख्या, तर अवकाशासाठी तीन, इतका सरळ हिशोब. पण तीन-तीन संख्यांचा गुणाकार काही केल्या बसेना. हा प्रश्न आपल्याला किमान १५ वर्षं छळत होता, असं त्याने लिहून ठेवलंय.

१६ ऑक्टोबरला तो पत्नीबरोबर डब्लिनच्या रॉयल कालव्याच्या काठाने एका सभेला चालला होता. वाटेत एकाएकी त्याला उलगडलं, की संख्या तीन नकोत, चार हव्यात. आणि आणखी एक गोष्ट मान्य करावी लागेल, ती म्हणजे या गुणाकारात क्रम बदलला की उत्तरही बदलतं. त्याने चाकू काढून ब्रूम पुलाच्या दगडावर तिथल्या तिथे सूत्र कोरलं.

यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. दोन गुणिले तीन आणि तीन गुणिले दोन सारखेच, हे आपण पाढ्यांबरोबर गिळलेलं असतं. तो नियम आहे हेसुद्धा आपल्याला जाणवत नाही. पण हातात एखादं पुस्तक घ्या, मुखपृष्ठ तुमच्याकडे. आधी ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरी फिरवा, मग वरची कड स्वतःकडे झुकवत पाव फेरी. कसं दिसतंय ते लक्षात ठेवा. आता मूळ स्थितीत आणून हेच दोन प्रकार उलट क्रमाने करा. पुस्तक वेगळ्याच अवस्थेत येतं. अवकाशात फिरवताना क्रमाला महत्त्व असतंच, त्यामुळे फिरवण्याचं काम करणाऱ्या गुणाकारातही ते असणारच. हॅमिल्टनची वाट अडवून बसला होता तो हा पाढ्यांतला नियम, जो त्याने मुद्दाम धरला नव्हता आणि म्हणून सोडताही येत नव्हता.

मला या विषयात सांगण्यासारखी एकच गोष्ट वाटते, ती हीच. ट्यूब पेटते तेव्हा हातात काही नवं पडतं हे खरं, पण त्याच्या क्षणभर आधी हातातून जुनं काहीतरी गळून पडलेलं असतं. मराठीत आपण ‘कोंडी फुटली’ म्हणतो ते फार समर्पक आहे. कोंडी फुटायला बाहेरून काही आणावं लागत नाही. कुठला दगड अडकलाय ते कळावं लागतं.

मानसशास्त्रज्ञांनी हा दगड प्रयोगशाळेत आणून दाखवला आहे. कार्ल डंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं मेणबत्तीचं कोडं आज बहुतेक असं मांडतात. टेबलावर एक मेणबत्ती, काडेपेटी आणि खोकंभर ड्रॉइंग पिना. मेणबत्ती भिंतीवर लावायची. लोक मेणबत्तीलाच पिना टोचून बघतात, मेण वितळवून चिकटवून बघतात. उत्तर असं, की पिना ओतून टाका, रिकामं खोकं भिंतीला पिनांनी ठोका आणि त्यात मेणबत्ती उभी करा. गंमत पुढे आहे. पिना खोक्याबाहेर ठेवून खोकं रिकामं दिलं, तर कितीतरी जास्त लोकांना उत्तर सुचतं. खोकं तेच, पिना त्याच. पण भरलेलं खोकं म्हणजे ‘पिनांचं खोकं’ असतं, आणि पिनांच्या खोक्याला दुसरं कुठलं काम सांगायचं आपल्याला सुचत नाही.

दुसरा प्रयोग नॉर्मन मायर याचा, १९३१ सालचा. छताला दोन दोऱ्या टांगलेल्या. त्यांची टोकं एकमेकांना बांधायची. पण एक दोरी धरून चालत गेलं तर दुसरीपर्यंत हात पोहोचत नाही. खोलीत एक पक्कड पडलेली. उत्तर असं, की पक्कड दोरीला बांधा, झोका द्या आणि लंबक आपल्याकडे आला की पकडा. अडलेल्या माणसासमोरून मायर सहज खिडकीकडे जायचा आणि जाताना दोरीला हलकासा धक्का द्यायचा. दोरी हलायची. त्यानंतर थोड्याच वेळात अनेकांना उत्तर सुचायचं. कसं सुचलं असं विचारल्यावर मात्र त्या धक्क्याचं नाव फार थोडे घ्यायचे. बाकीच्यांना ते आपोआप सुचलं होतं!

हा प्रयोग वाचल्यापासून थोरामोठ्यांच्या साक्षात्काराच्या कथा मी जरा सांभाळून ऐकतो. ट्यूब कशाने पेटली हे ज्याची पेटली त्यालाच धड ठाऊक नसतं, आणि मग आठवण त्याला गोष्टीचा आकार देते. आर्किमिडीज न्हाणीघरातून धावत सुटल्याची कथा आपल्याकडे आली ती व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराकडून, आणि तो आर्किमिडीजनंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहीत होता. न्यूटनने सफरचंदाची हकीकत सांगितली ती म्हातारपणी, १७२६ च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर साठ वर्षांनी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेने बेंझीन या रसायनाच्या अणूंच्या कड्याची कल्पना १८६५ साली मांडली, आणि स्वतःची शेपटी तोंडात धरणाऱ्या सापाचं स्वप्न जगाला सांगितलं ते १८९० च्या सत्कार समारंभात. हे लोक खोटं बोलत होते असं मला म्हणायचं नाही. पण पंचवीस वर्षं सांगून-सांगून गोष्ट गुळगुळीत होते आणि तिच्यातलं लुकलुकणं निघून जातं.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. उत्तर आहे ‘हात’: हातमाग, हातरुमाल, हातगाडी. ज्यांना पटकन सुचलं नाही त्यांचं मन बहुधा आधी गाडीकडे धावलं असेल आणि आगगाडी, बैलगाडीच्या रुळांवर चढलं असेल. ‘आग’ काही रुमालाला लागू होईना, पण मन तिथेच घुटमळत राहिलं. आणि उत्तर सुचलं असेल तर ते कसं सुचलं ते आठवून पाहा. पायरीपायरीने जवळ गेलात, की एकदम?

जॅनेट मेटकाफ या मानसशास्त्रज्ञेने १९८७ मध्ये सहकाऱ्याबरोबर हेच मोजलं. कोडी सोडवणाऱ्यांनी दर १५ सेकंदांनी सांगायचं, की उत्तराच्या किती जवळ आल्यासारखं वाटतंय. बीजगणिताच्या उदाहरणांत ही जवळिकीची भावना हळूहळू चढत गेली. ट्यूब पेटवणाऱ्या कोड्यांत मात्र ती शेवटपर्यंत जवळपास सपाट राहिली आणि मग एकदम उसळली. म्हणजे उत्तराच्या दारात उभ्या असलेल्या माणसालाही आपण दारात आहोत हे कळत नाही. त्याला वाटतं, आपण होतो तिथेच आहोत. अर्धवट सोडून दिलेल्या कामांचा विचार करताना हा सपाट आलेख मला नेहमी आठवतो, आणि जरा अस्वस्थ करतो.

मार्क बीमन आणि जॉन कूनिओस यांनी २००४ साली अशीच तीन शब्दांची कोडी सोडवणाऱ्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी पाहिल्या. उत्तर अचानक सुचलं तेव्हा त्याच्या साधारण ०.३ सेकंद आधी मेंदूच्या उजव्या कानाच्या वर येणाऱ्या भागात वेगवान लहरींचा झोत उठला. त्याच्याही किंचित आधी, दृष्टीचं काम पाहणाऱ्या भागात, बाहेरची आवक मंदावल्याची खूण दिसली. काही आठवताना आपण छताकडे बघतो किंवा डोळे मिटतो ना, मेंदू आतल्या आत तसंच काहीतरी करत असावा. (यावरून ‘उजवा मेंदू कलावंताचा, डावा हिशोबनिसाचा’ असली अनुमानं काढू नयेत. दोन्ही बाजू सगळ्याच कामात असतात.)

विनोद आणि शोध

शोधाशी सर्वात जवळचं नातं कशाचं असेल तर विनोदाचं, असं मला वाटतं. लेखक आर्थर कोस्लरने १९६४ साली नेमकं हेच मांडलं होतं. एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन चौकटी एका बिंदूवर आदळल्या की काय होतं? हसू आलं तर विनोद, उलगडा झाला तर विज्ञान, आणि मन भरून आलं तर कला. यंत्रणा एकच.

एक जुनाट विनोद घ्या. ‘डॉक्टर, मला विसरण्याचा आजार झालाय.’ ‘कधीपासून?’ ‘काय कधीपासून?’ पहिल्या दोन वाक्यांत आपण दवाखान्याच्या चौकटीत असतो. पेशंट आजार सांगतो, डॉक्टर प्रश्न विचारतो. तिसऱ्या वाक्याने ती चौकट निसटते आणि तेच शब्द आजाराचा पुरावा होऊन बसतात. ऐकणाऱ्याची ट्यूब अर्ध्या सेकंदात पेटते, म्हणून तो हसतो. कोणी समजावून सांगितला की विनोद मरतो, तोही याच कारणाने. मी आत्ता मारला तसा.

ऐकणाऱ्याला लागतो अर्धा सेकंद. रचणाऱ्याला किती लागतो हे चार्ली चॅप्लिनने दाखवलं. ‘सिटी लाइट्स’ हा त्याचा मूकपट १९३१ साली आला. त्यातला पेच असा होता, की फुलं विकणाऱ्या अंध मुलीला हा फाटका भटक्या श्रीमंत वाटला पाहिजे. तिला त्याचे कपडे दिसत नाहीत हे सोयीचं, पण मग श्रीमंत तरी का वाटावा? आणि मूकपट म्हटल्यावर बोलून सांगायची सोय नाही. चॅप्लिनने हा प्रसंग तीनशेहून अधिक वेळा चित्रित केल्याचं सांगतात. अखेर सुचलं ते असं. भटक्या रस्त्यातल्या वाहतुकीच्या कोंडीत अडकतो, आणि पोलिसाला चुकवण्यासाठी तिथे उभ्या असलेल्या एका आलिशान मोटारीत एका दाराने शिरून दुसऱ्या दाराने उतरतो. दार आपटतं. ते मुलीला ऐकू येतं आणि तिला वाटतं, मोटारीतून कुणी साहेब उतरले.

मूकपटातला पेच आवाजाने सुटला! आपल्याला तो आवाज ऐकू येत नाही, फक्त मुलीला आल्याचं दिसतं, आणि तेवढं पुरतं. मूकपटात आवाजाला काम देता येत नाही, हे इथलं पिनांचं खोकं होतं. (वाहतुकीच्या कोंडीने चॅप्लिनची कोंडी फोडली अशी कोटी करण्याचा मोह होतोय, तो आवरला असं समजा.)

अमेरिकी विनोदकार स्टीव्ह मार्टिनने तर विनोदाचा कणाच काढून पाहिला. ताण वाढवत न्यायचा आणि शेवटच्या वाक्याने तो मोकळा करायचा, ही रंगमंचावरच्या विनोदाची रीत. त्याला प्रश्न पडला, की ताण वाढवतच नेला आणि ते शेवटचं वाक्य आलंच नाही तर? प्रेक्षक शेवटी स्वतःच कुठेतरी हसू लागतील, आणि ते हसू त्यांचं स्वतःचं असेल. कल्पना एका ओळीत मावते. पण आपल्या रंगमंचावरच्या अठरा वर्षांचा हिशोब तो असा देतो: १० वर्षं शिकण्यात, ४ घासूनपुसून घेण्यात आणि ४ तुफान यशाची.

खोटी ट्यूब

इथवर वाचून असं वाटेल, की लख्ख पेटली म्हणजे झालं. तसं नाही, आणि याचा सगळ्यात देखणा पुरावा योहान्नेस केप्लरचा आहे.

१५९५ च्या जुलैमध्ये ग्राझ गावात तेवीस वर्षांचा केप्लर वर्गात शिकवत होता. फळ्यावर आकृती काढता काढता त्याला एक विचार चमकून गेला. त्या काळी ग्रह सहाच माहीत होते. सहा ग्रहांच्या मधे अंतरं पाच. आणि सगळ्या बाजू, सगळे कोन सारखे असलेले घनाकारही जगात पाचच असू शकतात, कमी नाहीत, जास्त नाहीत. देवाने ग्रहांच्या कक्षा हे पाच घन एकात एक बसवून आखल्या असतील का? आकडे ताडून पाहिले तर बरेचसे जुळले. आनंदाने तो हरखून गेला. पुढच्याच वर्षी, १५९६ मध्ये, त्याने हे पुस्तकरूपाने मांडलं.

कल्पना विलक्षण सुंदर होती आणि साफ चुकीची होती. १७८१ साली युरेनस सापडला आणि ‘सहाच का?’ हा मूळ प्रश्नच निकालात निघाला.

आपण आज ज्यासाठी केप्लरला ओळखतो ते मात्र असं चमकून आलेलं नाही. खगोलनिरीक्षक टायको ब्राहेच्या ग्रहांच्या अत्यंत काटेकोर नोंदी त्याच्या हाती आल्या आणि तो मंगळाच्या कक्षेशी वर्षानुवर्षं झटत राहिला. एक मांडणी जवळपास जुळली. फरक उरला आठ कलांचा, म्हणजे आकाशात पूर्ण चंद्र जेवढा रुंद दिसतो त्याच्या साधारण पाव भाग. दुसरा कोणी असता तर निरीक्षणाची चूक म्हणून सोडून देता. पण टायको एवढी चूक करणार नाही हे केप्लरला ठाऊक होतं. त्याने मांडणी फेकून दिली. शेवटी ग्रहाने वर्तुळातच फिरलं पाहिजे हा दोन हजार वर्षांचा समज सुटला आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ जगापुढे आलं.

विचित्र भाग पुढेच आहे. स्वतःच्या या दोन मुलांपैकी केप्लरचं पहिल्यावरचं प्रेम कधीच आटलं नाही. त्या घनाकारांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती त्याने टिपा जोडून १६२१ साली काढली, लंबवर्तुळाला बारा वर्षं होऊन गेल्यावर.

‘सापडलं!’ ही भावना आहे, आणि भावनेला पुरावा म्हणता येत नाही. प्रयोगांत असं दिसतं, की अचानक सुचलेली उत्तरं सरासरीने बऱ्याचदा बरोबर निघतात, म्हणून त्या भावनेवर आपला विश्वास बसलेला असतो. पण ती खोट्या उत्तरालाही तितक्याच झळाळीने चिकटू शकते. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स हे जाणून होता. त्याने १९९३ च्या जूनमध्ये केंब्रिजला फर्माच्या प्रमेयाची, म्हणजे शतकानुशतकं न सुटलेल्या एका कोड्याची, सिद्धता जाहीर केली आणि नंतर तिच्यात भगदाड निघालं. पुढे १९ सप्टेंबर १९९४ ला दुरुस्ती सुचली. आधी टाकून दिलेली एक पद्धत आणि आता अडलेली पद्धत एकमेकींना पूर्ण करत होत्या. तेव्हा तो दिवसभर विभागात येरझारा घालून पुन्हा पुन्हा टेबलाशी येऊन बघत होता, की ते अजून तिथेच आहे ना. एकदा पोळलेल्याची ही फुंकर.

झोप, बस आणि बेडकाची हृदयं

ग्राझमध्येच, केप्लरनंतर सव्वातीनशे वर्षांनी, ऑटो लोवी नावाचा औषधशास्त्रज्ञ मध्यरात्री दचकून उठला आणि कागदाच्या कपट्यावर काहीतरी खरडून पुन्हा झोपला. सकाळी त्याला स्वतःचंच अक्षर लागेना. तो दिवस, त्याच्या सांगण्यानुसार, फार वाईट गेला. सुदैवाने दुसऱ्या रात्री पहाटे तीनच्या सुमाराला तीच कल्पना परत आली. या खेपेला त्याने कागदाच्या नादी न लागता थेट प्रयोगशाळा गाठली.

तेव्हाचा वाद असा होता, की नस स्नायूला किंवा हृदयाला निरोप देते तो विजेच्या ठिणगीने की एखाद्या रसायनाने? लोवीने बेडकांची दोन धडधडती हृदयं द्रावणात ठेवली. पहिल्याच्या नसेला विजेने डिवचून त्याची गती मंद केली. मग त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं. या दुसऱ्याला कुणी विजेने डिवचलं नव्हतं, तरी तेही मंदावलं. म्हणजे निरोप द्रावणातून गेला होता, रसायनातून. १९२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि १९३६ मध्ये त्याला हेन्री डेलबरोबर नोबेल मिळालं.

हे झालं स्वप्न. आता त्याआधीचं लुकलुकणं. रसायनाची शंका लोवीने एका मित्राजवळ १९०३ सालीच बोलून दाखवली होती. पडताळायचं कसं हे न सुचल्याने ती मागे पडली. दरम्यान बेडकाच्या हृदयाची जवळपास हीच मांडणी त्याने भलत्याच एका कामासाठी वापरलेली होती. दोन तारा त्याच्याकडे कधीपासून पडून होत्या. झोपेत त्या जुळल्या, एवढंच.

फ्रेंच गणितज्ञ आन्री प्वांकारेची गोष्टही याच धाटणीची. आठवडेच्या आठवडे एका प्रकारच्या फलनांशी (फंक्शन्सशी) झगडून तो सहलीला गेला, गणित विसरला, आणि कूतांस गावी घोडाबसच्या पायरीवर पाऊल ठेवताक्षणी उत्तर समोर आलं. बरोबरच्या माणसाशी चाललेलं बोलणंही त्याने थांबवलं नाही. पडताळणी घरी जाऊन निवांत केली. प्वांकारे प्रामाणिक होता. ही अशी फळं आधी घाम गाळल्याशिवाय येत नाहीत, हे त्याने त्याच व्याख्यानात सांगितलंय. ‘डोकं मोकळं सोडा’ असा सल्ला देणारे नेमका तेवढा भाग गाळतात. ज्याने काही भरलंच नाही तो मोकळं काय सोडणार?

झोपेची बाजू आता बरीच तपासली गेली आहे. पॅरिसमधल्या संशोधकांनी २०२१ साली लोकांना एक आकड्यांचं काम दिलं, ज्यात न सांगितलेली एक पळवाट होती. मधे वीस मिनिटं आरामखुर्चीत विश्रांती, हातात एक वस्तू, म्हणजे गाढ झोप लागली की ती खाली पडून जाग यावी. जे जागेच राहिले त्यांच्यापैकी ३० टक्क्यांना पुढे पळवाट सापडली. ज्यांना डुलकीची अगदी पहिली पायरी किमान १५ सेकंद तरी लाभली, त्यांच्यापैकी ८३ टक्क्यांना. आणि जे त्याहून खोल गेले, त्यांच्यापैकी अवघ्या १४ टक्क्यांना. डोळा लागतोय न लागतोय तोच काळ सुपीक दिसतो. अर्थात पळवाट शोधणं म्हणजे सिंफनी रचणं नव्हे, हे लक्षात असू द्या.

बोटं गेली तेव्हा

कधीकधी जुनं स्वतःहून सुटत नाही, ते हिसकावलं जातं. टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय सतरा. नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा गिटारवादक, म्हणजे तारा दाबायचा तो हाच हात. कुणीतरी त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. १९२८ मध्ये आगीत डाव्या हाताची दोन बोटं जवळपास निकामी झाल्यावर ज्याने उरलेल्या बोटांनी वाजवण्याची स्वतःची रीत घडवली, तो हा जँगो.

आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली. त्यांनी ताठ तारा दाबेनात, म्हणून बारीक तारा आणल्या आणि पुढे त्या उतरवून, सैल लावायला सुरुवात केली. तारा सैल झाल्या की स्वर खाली जातो, जड होतो. १९७० पासून ‘ब्लॅक सॅबथ’च्या रेकॉर्डींमधून जगाने जो अवजड, काळोखा आवाज ऐकला आणि ज्यातून हेवी मेटल नावाचं घराणं उभं राहिलं, त्याच्या मुळाशी वितळवलेली बाटली आहे.

अपघात भाग्याचा असतो असलं काही मला म्हणायचं नाही. बोटं गेलेले बहुसंख्य वादक वाजवणं सोडतात आणि त्यांच्यावर कुणी लिहीत नाही. मुद्दा इतकाच, की तारा अशाच ताणल्या पाहिजेत हा नियम धडधाकट हाताने कदाचित कधीच मोडला नसता. चित्रकार आंरी मातिसचंही तसंच. १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर उभं राहून रंगवणं जमेना, तेव्हा त्याने रंगवलेले कागद कात्रीने कापायला घेतले, आणि रेषा आणि रंग एकाच कृतीत आले.

आणि कधी तर दगड डोक्यात नसतोच, तो बाजारात असतो. चित्रकार पूर्वी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने कथलाची, पिळता येणारी, झाकणाची नळी शोधली. रंग घेऊन दिवसभर उघड्यावर बसणं सोपं झालं. सरकणाऱ्या उन्हाचा पाठलाग करणारी चित्रं पुढच्या तीस-चाळीस वर्षांत आली. इथे ट्यूब पेटायच्या आधी खरोखरीची ट्यूब यावी लागली.

उरली ती स्वतःची, आतली कोंडी. तिचा हिशोब जरा वेगळा आहे. १९६७ मध्ये लास वेगासच्या एका रंगमंचावर रिचर्ड प्रायर हा विनोदकार उभा होता. सगळ्यांना आवडेल असा सोज्वळ विनोद करणारा, चांगलं चाललेलं. समोरच्या प्रेक्षकांकडे बघून, आपण इथे करतोय काय, असं म्हणून तो चालता झाला. ट्यूब तिथे पेटली म्हणायची. पण तिच्या उजेडात स्वतःचा आवाज सापडायला पुढची काही वर्षं गेली. गणितातली कोंडी फुटली की सूत्र हातात असतं. इथे फक्त मुखवटा खाली पडतो, आणि चेहरा अजून घडायचाच असतो. होकुसाई या जपानी चित्रकाराने ती जगप्रसिद्ध लाट काढली तेव्हा तो सत्तरीचा होता, आणि नंतर लिहून गेला की सत्तरीच्या आधीचं माझं काहीच लक्षात घेण्याजोगं नाही.

हॅमिल्टनचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. आपल्या या चार-चार संख्यांच्या चौकड्या विश्वाची किल्ली आहेत अशी त्याची खात्री झाली. उरलेली बावीस वर्षं तो त्यांच्यावरच लिहीत राहिला, आणि ज्याने एक नियम सोडून एवढं मिळवलं त्याला हे काही सोडवेना. त्याच्या मृत्यूनंतर गिब्ज आणि हेविसाइड या शास्त्रज्ञांनी त्या चौकड्या मोडून सुटसुटीत सदिश (व्हेक्टर) बनवले, आणि भौतिकशास्त्राने तेच उचलले. चौकड्या अडगळीत गेल्या. मग शंभरेक वर्षांनी अवकाशयान कुठल्या बाजूला कललंय याचा हिशोब ठेवायला आणि संगणकाच्या पडद्यावर आकृत्या फिरवायला त्यांच्याइतकं सोयीचं दुसरं फारसं काही नाही असं लक्षात आलं, आणि त्या परत आल्या. चाकूने कोरलेलं सूत्र तोवर पावसापाण्यात पुसून गेलं होतं. पुलावर आता एक पाटी आहे, १९५८ साली बसवलेली.